हायरम लेनर्ड

हायरम लुईस लेनर्ड (१८३१ – १९०७) हे अमेरिकेतील गळकाठ्या बनवणारे कारागीर, बंदूक-कारागीर, शिकारी व उद्योजक होते. बांबूच्या सहा कामट्या एकमेकींना चिकटवून तयार केलेली षट्कोनी गळकाठी त्यांच्या कारखान्यामुळे सर्वत्र पोहोचली. अशी काठी शोधून काढणारे ते पहिले नव्हते. मात्र कामट्या अचूक कोनात कापणारे यंत्र, पाणी आत न शिरू देणारी जोडनळी आणि काठीच्या लवचिकतेचा बारकाईने केलेला विचार यांमुळे आधुनिक फ्लाय फिशिंगच्या काठीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारागिरांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. अमेरिकेतील बांबूच्या गळकाठ्यांच्या व्यवसायाची वंशावळ मांडायची झाल्यास तिच्या मुळाशी लेनर्ड यांचेच नाव येते.

प्रारंभिक जीवन

लेनर्ड यांचा जन्म १८३१ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील सेबेक या गावी झाला. मेन हे देशाच्या ईशान्य टोकाचे राज्य. तेथे सरोवरे, नद्या आणि देवदार जातीच्या वृक्षांची घनदाट अरण्ये आहेत. त्या काळी लाकूडतोड, शिकार आणि मासेमारी यांवर तेथील अनेकांची उपजीविका चालत असे. लेनर्ड यांचे प्रौढ आयुष्य याच राज्यातील बँगोर शहराशी जोडलेले आहे. तेथे ते बंदुका बनवणे व दुरुस्त करणे, प्राणी-पक्ष्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जतन करणे आणि शिकारीच्या साहित्याची विक्री असे एकमेकांना पूरक व्यवसाय करीत. हिवाळ्यात सापळे लावण्यासाठी व शिकारीसाठी ते दीर्घकाळ अरण्यात राहत. त्यांना संगीताची आवड होती व ते बासरी वाजवीत.

बंदुकीच्या कारागिरीचा येथे मुद्दाम उल्लेख करावा लागतो, कारण पुढे त्यांनी काठीत जे नवे आणले त्याचे मूळ या धंद्यात आहे. नळीचा व्यास, धातूच्या दोन भागांचा घट्ट पण सहज सुटणारा जोड, स्क्रूचे आटे, कानशीने केलेले शेवटचे घासकाम या सगळ्याचा हिशेब बंदूक बनवणाऱ्याला केसाच्या जाडीने करावा लागतो. सुताराच्या हातून आलेली गळकाठी आणि बंदूक-कारागिराच्या हातून आलेली गळकाठी यांतील फरक बहुतांशी या सवयीचा आहे.

थोरो यांची भेट

जुलै १८५७ मध्ये लेखक व विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो मेनच्या अरण्यातील आपल्या तिसऱ्या प्रवासाला निघाले होते. बँगोरहून मूसहेड सरोवराकडे जाणाऱ्या घोडागाडीत त्यांना एक शिकारी भेटला. थोरो यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द मेन वुड्स’ या ग्रंथात त्याचे वर्णन आले आहे. हा शिकारी दिसायला शिकाऱ्यासारखा नव्हता. शांत, देखणा, सौजन्याने वागणारा, शहरात वाढलेला वाटावा असा तो होता. मात्र अरण्यातील भुकेचे व संकटांचे अनुभव त्याच्या गाठीशी होते. अभ्यासकांनी हा प्रवासी म्हणजे हायरम लेनर्ड असे निश्चित केले आहे. त्या वेळी ते २६ वर्षांचे होते आणि गळकाठीशी त्यांच्या नावाचा काहीही संबंध नव्हता. अमेरिकन साहित्यातील एका महत्त्वाच्या पुस्तकात त्यांचा प्रवेश असा अनामिक सहप्रवासी म्हणून झाला आहे.

गळकाठीकडे वळण

लेनर्ड गळकाठीकडे वळले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर, १८७० च्या सुमारास. त्यांनी एक काठी स्वतःच्या वापरासाठी लाकडाची केली होती. तिचे काम पाहून ती बोस्टन येथील ब्रॅडफर्ड अँड अँथनी या क्रीडासाहित्याच्या व्यापारी पेढीकडे पाठवण्यात आली. पेढीला काठी आवडली. तिने लेनर्ड यांना बांबूच्या कामट्या चिकटवून काठी करता येईल का, असे विचारले व नमुना दाखवला. त्या काळी अशा काठ्या नवलाईच्या होत्या आणि बाजारात मागणीच्या मानाने फारच थोड्या येत. लेनर्ड यांनी नमुना पाहिला आणि काम स्वीकारले.

त्यापूर्वीच्या गळकाठ्या ॲश, हिकरी, लान्सवुड, ग्रीनहार्ट अशा लाकडांच्या असत. लाकडी काठी जड असते. ती लांब केली की टोकाकडे लोंबते आणि बारीक केली की मोडते. बांबू हलका व चिवट असतो, परंतु अखंड बांबू पोकळ असतो आणि त्याची जाडी निसर्गाने ठरवलेली असते. तो फोडून, त्याच्या कामट्या हव्या त्या निमुळतेपणाने तासून पुन्हा एकत्र केल्यास पोकळी राहत नाही आणि काठी कोठे किती वाकावी हे कारागिराला ठरवता येते. ही कल्पना अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथील सॅम्युअल फिलिपी या बंदूक-कारागिराने १८४० च्या दशकात अमलात आणली होती. १८६० च्या दशकात न्यू जर्सीतील नेवार्क येथील चार्ल्स मर्फी यांनी अशा काठ्या हाताने बनवून विकल्या. यांपैकी फिलिपी हेही बंदुकाच बनवीत हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

सहा कामट्यांची रचना

बांबूचा आडवा छेद पाहिला तर त्याच्या बाहेरच्या बाजूस, सालीच्या लगत, तंतू अतिशय दाट असतात. आतील बाजूस ते विरळ होत जातात आणि तेथे मऊ गर अधिक असतो. बांबूचे बळ या पाठीकडच्या पातळ थरात आहे. बुरूडकाम पाहिलेल्यांना पाठीची आणि पोटाची कामटी यांतील फरक सांगावा लागत नाही. गळकाठी करणाऱ्याचे सर्व कौशल्य हा बाहेरचा थर शाबूत ठेवून आतील भाग तासण्यात असते.

प्रत्येक कामटीचा छेद समभुज त्रिकोणाचा, म्हणजे ६० अंशांच्या कोनांचा असतो. असे सहा त्रिकोण टोके मध्याशी मिळवून ठेवले की षट्कोन तयार होतो. त्याच्या सहाही बाहेरच्या बाजूंवर बांबूची पाठ येते आणि मऊ भाग काठीच्या गाभ्यात जातो. काठी वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर पडतो व गाभ्यावर जवळजवळ पडत नाही, म्हणून ही मांडणी योग्य ठरते. आरंभीचे कारागीर चार कामट्या जोडून काठी गोल दिसावी म्हणून बाहेरचे कोपरे घासून काढीत. असे केल्याने नेमका सर्वांत मजबूत थर नष्ट होत असे. लेनर्ड यांच्याही सुरुवातीच्या काठ्या गोल केलेल्या आढळतात. नंतर त्यांनी षट्कोन तसाच ठेवण्यास सुरुवात केली आणि पुढे तीच सर्वमान्य पद्धत झाली.

कामट्यांची पेरे एका रेषेत येऊ न देणे हा आणखी एक नियम. पेरापाशी तंतू वळलेले व दुबळे असतात. सहाही पेरे एका जागी आली तर काठी तेथेच मोडते. म्हणून कामट्या पुढेमागे सरकवून पेरे विखुरली जातात. प्रत्येक कामटी बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत जाते आणि तिची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावी लागते. एका कामटीतील चूक सहा ठिकाणी जुळत नाही आणि सांध्यात सरसाची जाड रेघ दिसू लागते.

यंत्र आणि कुलूपबंद खोली

हाताने रंधा मारून अशा कामट्या तयार करण्यास कित्येक दिवस लागत. मर्फी यांच्यासारख्या कारागिरांचे उत्पादन त्यामुळेच मर्यादित राहिले होते. लेनर्ड यांनी १८७० च्या दशकात कामट्यांना कोन व निमुळतेपणा एकाच वेळी देणारे यंत्र बनवले. करवतीच्या दोन पात्यांमधून कामटी सरकत असताना आखून दिलेल्या नमुन्याप्रमाणे ती वरखाली होत असे व त्यामुळे शेंड्याकडे तिची जाडी कमी होत जाई. एकदा नमुना ठरला की त्याच मापाच्या कामट्या कितीही काढता येत. त्यामुळे एका ग्राहकाला आवडलेली काठी दुसऱ्याला जशीच्या तशी देणे शक्य झाले आणि मोडलेल्या काठीचा केवळ एक भाग नव्याने करून देता येऊ लागला. दुरुस्तीच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची होती. तोपर्यंत मोडलेला तुकडा म्हणजे बहुधा टाकून दिलेली काठी, असा व्यवहार होता.

या यंत्राचे पेटंट घेऊन ते जगजाहीर करण्याऐवजी लेनर्ड यांनी ते कुलूपबंद खोलीत ठेवले. नात्यातील मोजक्या माणसांखेरीज तेथे कोणाला प्रवेश नसे. पेटंटमुळे मिळणाऱ्या संरक्षणापेक्षा गुप्ततेवर त्यांनी अधिक विश्वास ठेवला. त्याचे फळ त्यांना बरीच वर्षे मिळाले, परंतु कायम मिळाले नाही.

जोडनळ्या

गळकाठी प्रवासात नेता यावी म्हणून ती दोन किंवा तीन तुकड्यांत करतात. तुकडे धातूच्या नळ्यांनी जोडले जातात. एका तुकड्यावरील बारीक नळी दुसऱ्यावरील रुंद नळीत घट्ट बसते. या जोडनळीला फेरूल असे म्हणतात. काठीचा सर्वांत त्रासदायक भाग हाच. जुन्या पद्धतीत बारीक नळीच्या टोकाला लाकडी खुंटी असे आणि तिच्यासाठी खालच्या तुकड्यात खोल छिद्र पाडावे लागे. छिद्रामुळे काठी पोकळ होई, नळीतून पाणी आत झिरपे, लाकूड फुगे व मग कुजे. फुगलेली जोडनळी सुटत नसे आणि सुकल्यावर तीच ढिली होऊन कास्टिंग करताना काठीचा वरचा भाग पाण्यात उडून जाई.

लेनर्ड यांनी १८७५ मध्ये जलरोधक जोडनळीचे पेटंट घेतले. त्यांनी खुंटी काढून टाकली आणि नळीच्या आतील बाजू अशी बंद केली की पाणी बांबूपर्यंत पोहोचू नये. १८७८ च्या पेटंटाने दुसरा प्रश्न सोडवला. धातूची नळी वाकत नाही आणि बांबू वाकतो, त्यामुळे नळीची कड जेथे संपते नेमकी तेथे काठी मोडत असे. लेनर्ड यांनी नळीच्या कडेला उभ्या चिरा पाडल्या. त्यामुळे तयार झालेल्या पातळ जिभा बांबूबरोबर किंचित वाकतात आणि वरून रेशमी धाग्याने आवळल्यावर ताठपणा एकदम न संपता हळूहळू कमी होतो. आजही बांबूच्या काठ्यांवरील जोडनळ्यांच्या कडा अशाच चिरलेल्या असतात. लेनर्ड यांच्या सर्व कामांतून एकच निवडायचे तर ही चीर निवडावी, इतकी ती साधी आणि टिकाऊ सुधारणा आहे.

रीळ

लेनर्ड यांच्या नावाने विकले जाणारे रीळ मात्र मूळ त्यांच्या कल्पनेतून आलेले नव्हते. बँगोर येथील फ्रान्सिस फिलब्रुक यांनी १८७७ मध्ये उंचावलेल्या खांबांच्या रिळाचे पेटंट घेतले आणि त्याचे हक्क लेनर्ड यांच्याकडे आले. रिळाच्या दोन बाजूंच्या चकत्या आडव्या खांबांनी जोडलेल्या असतात. साध्या रिळात हे खांब चकत्यांच्या घेराच्या आत असल्याने दोरीसाठीची जागा कमी होते. फिलब्रुक यांनी ते घेराच्या बाहेर नेले. त्यामुळे रिळाचा आकार व वजन न वाढवता त्यावर अधिक दोरी मावू लागली. हलक्या काठीला हलकेच रीळ शोभते, अन्यथा हातातील तोल बिघडतो. म्हणूनच हे रीळ लेनर्ड यांच्या काठ्यांना साजेसे ठरले.

या रिळांच्या चकत्या कठीण रबराच्या असत. काही नमुन्यांत काळ्या रबरात नारिंगी छटा मिसळून संगमरवरासारखा पोत दिलेला आढळतो. आज संग्राहक या नमुन्यांना विशेष किंमत देतात. यंत्रणा साधी असे. मूठ एकदा फिरवली की फिरकी एकदाच फिरते. आत दात असलेले एक चाक आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेली छोटी खिट्टी असते. मासा दोरी ओढू लागला की खिट्टी दातांवरून टकटक करीत सरकते. या अडथळ्यामुळे फिरकी बेफाम फिरून दोरीचा गुंता होत नाही.

सेंट्रल व्हॅली

मागणी वाढली तसे भांडवल लागू लागले. लेनर्ड यांनी व्यवसायातील हिस्सा विकला आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस तो न्यूयॉर्कच्या विल्यम मिल्स अँड सन या पेढीकडे आला. पुढे काठ्यांची विक्री या पेढीमार्फत होऊ लागली. १८८१ मध्ये कारखाना बँगोरहून न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल व्हॅली येथे हलवण्यात आला. मेनच्या अरण्यात वाढलेल्या माणसाला पन्नाशीत मूळ भूमी सोडावी लागली. मात्र व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय योग्य होता. न्यूयॉर्क शहरातील ग्राहक आणि कॅट्सकिल पर्वतातील ट्राउट माशांचे ओढे दोन्ही येथून जवळ होते.

कॅट्सकिलचे ओढे मेनच्या नद्यांपेक्षा लहान व स्वच्छ. तेथे जड काठी आणि पाण्यावर आपटणारी दोरी उपयोगाची नव्हती. लेनर्ड यांच्या काठ्या या काळात अधिकाधिक हलक्या झाल्या आणि ‘कॅट्सकिल’ हे नाव त्यांच्या हलक्या काठ्यांना मिळाले. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या कृत्रिम माश्यांच्या अमेरिकी परंपरेतील अग्रणी थिओडोर गॉर्डन हेही लेनर्ड यांच्या काठ्या वापरीत. दूरवर दोरी फेकण्याच्या स्पर्धांमध्ये लेनर्ड यांचे पुतणे रूबेन लेनर्ड आणि भाचे हायरम हॉज यांनी नाव मिळवले. या विजयांचा कारखान्याच्या जाहिरातीला अर्थातच उपयोग झाला.

शिष्यांचे प्रस्थान

कारखान्यात फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स, एडवर्ड पेन, जॉर्ज व्हार्नी आणि लोमन हॉज हे कारागीर होते. १८९० च्या सुमारास त्यांपैकी काहींनी लेनर्ड यांची साथ सोडली. थॉमस, एडवर्ड्स व पेन यांनी एकत्र येऊन ‘कॉस्मिक’ या नावाच्या काठ्या बनवल्या. लोमन हॉज यांनी कामट्या कापण्याचे यंत्र स्वतः तयार केले आणि कुलूपबंद खोलीतील रहस्य अशा रीतीने घरातल्याच माणसाबरोबर बाहेर पडले.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते. लेनर्ड यांच्या दृष्टीने हा विश्वासाचा भंग होता, कारण भाच्याला खोलीची किल्ली नात्याच्या भरवशावर मिळाली होती. कारागिरांच्या दृष्टीने पाहिल्यास काठीवर नाव एकाचे, विक्रीचे हक्क दुसऱ्याचे आणि हात मात्र त्यांचे, अशी स्थिती होती. स्वतः लेनर्डही तोवर आपल्या कारखान्याचे संपूर्ण धनी राहिलेले नव्हते. ‘कॉस्मिक’ची भागीदारी फार काळ टिकली नाही. परंतु थॉमस मेनमध्ये परतले व ब्रूअर आणि बँगोर येथे त्यांनी आपल्या नावाचा कारखाना चालवला. एडवर्ड्स आणि पेन यांचीही स्वतंत्र घराणी झाली आणि एडवर्ड पेन यांचे पुत्र जिम पेन यांच्या काठ्यांना विसाव्या शतकात अनेक जाणकारांनी लेनर्ड यांच्या काठ्यांहूनही वरचे स्थान दिले. रहस्य बाहेर पडले नसते तर ही परंपरा एका कारखान्यापुरती राहिली असती, हेही नोंदवले पाहिजे.

कलकत्ता बांबू

लेनर्ड यांच्या हयातीतील बहुतेक काठ्या भारतातून गेलेल्या बांबूच्या आहेत. कलकत्ता बंदरातून निर्यात होत असल्यामुळे पाश्चात्त्य बाजारात तो ‘कलकत्ता बांबू’ या नावाने ओळखला जाई. तो मुख्यतः भरीव बांबूच्या जातीचा मानला जातो. विदर्भातील जंगलांत या जातीला मानवेल म्हणतात. घोडेस्वारांच्या भाल्यांचे दांडेही याच जातीच्या बांबूचे होत. त्यावर भाजल्याचे तपकिरी डाग असत. त्या काळातील काठ्या ओळखण्याची ही एक सोपी खूण आहे. बांबू पाठवण्यापूर्वी तो विस्तवावर भाजला जाई, त्याचे हे डाग. किडीने पोखरलेले व डागांमुळे निरुपयोगी झालेले बांबू वगळल्यावर मोठ्या गठ्ठ्यातून फार थोडे कारागिराच्या उपयोगी पडत.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील ‘टोन्किन’ बांबूने त्याची जागा घेतली. तो सरळ, लांब पेरांचा आणि पाठीकडे अधिक दाट तंतूंचा असतो. बांबू तोडणाऱ्या व वाहणाऱ्या भारतीय मजुरांच्या कामाचा उल्लेख या काठ्यांच्या इतिहासात जवळजवळ येत नाही.

काठ्यांची निगा व दुरुस्ती

लेनर्ड यांच्या काळात कामट्या जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने चिकटवल्या जात. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून त्या काठ्यांचे आयुष्य सर्वस्वी वरच्या व्हार्निशवर अवलंबून असे. जुन्या काठ्यांवर थोड्या थोड्या अंतरावर रेशमी धाग्याचे बारीक वेढे दिसतात. ते शोभेसाठी नाहीत. सरस सुटला तरी कामट्या अलग होऊ नयेत यासाठी ते घातलेले असत. पुढे पाण्याला दाद न देणारे चिकटद्रव्य आल्यावर हे वेढे कमी होत गेले आणि केवळ दोरीची कडी व जोडनळी यांपाशी उरले.

व्हार्निशला तडा गेला किंवा धाग्याचा वेढा उसवला तर तो वेळीच दुरुस्त करावा लागतो. जुना धागा सोडवून, खालचा बांबू स्वच्छ करून, नवा रेशमी धागा ताण देऊन गुंडाळतात. धाग्याचे शेवटचे टोक वेढ्यांखालून ओढून घेतले की गाठ मारावी लागत नाही. त्यावर व्हार्निशचे अनेक पातळ थर एक पूर्ण सुकल्यावर दुसरा अशा क्रमाने दिले जातात. घाईने दिलेला जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो व काही दिवसांनी सुरकुततो.

मासेमारीनंतर काठी कोरड्या कापडाने पुसून, पूर्ण सुकल्यावरच कापडी पिशवीत व नंतर नळकांड्यात ठेवावी लागते. ओली काठी बंद नळकांड्यात ठेवणे हे तिच्या नाशाचे सर्वांत मोठे कारण. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठी कालांतराने वाकडी होते, म्हणून ती पिशवीसह उभी टांगतात. लेनर्ड यांच्या काठ्यांबरोबर सहसा दोन शेंडे दिले जात. ते आलटून पालटून वापरावेत अशी त्यामागील योजना होती. अनेक मालक एकच शेंडा वापरीत राहिले, त्यामुळे आज मिळणाऱ्या संचांत एक शेंडा झिजलेला किंवा आखूड झालेला आणि दुसरा जवळजवळ नवा असा प्रकार पुष्कळदा आढळतो.

जोडनळी सोडवताना ती पिळायची नसते, कारण पिळल्यास ताण बांबूवर जातो आणि कामट्या सांध्यात उकलतात. सरळ रेषेत ओढायची. अडकल्यास दोघांनी समोरासमोर उभे राहून, प्रत्येकाने दोन्ही तुकडे धरून ओढण्याची जुनी रीत आहे. नळ्या घट्ट झाल्या तर बहुधा मळ साठलेला असतो. तो पुसून काढणे पुरेसे असते. सँडपेपर लावल्यास धातू कमी होतो व तो परत येत नाही. नळी बांबूपासूनच सुटून खटखट वाजू लागली तर ती काढून, जुने चिकटद्रव्य खरवडून पुन्हा बसवावी लागते. त्यासाठी आधी नळीतून आरपार गेलेली बारीक पिन बाहेर काढावी लागते. ही पिन न पाहता नळी तापवून ओढल्यामुळे अनेक चांगल्या काठ्यांची टोके फाटली आहेत.

रिळाची निगा तुलनेने सोपी आहे. वाळू व घट्ट झालेले जुने तेल काढून आसावर आणि खिट्टीवर पातळ तेलाचा थेंब सोडला की काम भागते. कठीण रबराच्या चकत्यांना मात्र ऊन व गरम पाणी सोसत नाही. त्यांची काळी झळाळी जाऊन त्या तपकिरी-हिरवट पडतात. स्क्रू हाताने बसवलेले असल्याने एकाचा दुसऱ्याच्या जागी बसेलच असे नाही. उघडताना ते ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने मांडून ठेवावे लागतात.

संग्राहकांमध्ये आज या दुरुस्तीवरून मतभेद आहेत. काठी वापरण्यासाठी असेल तर नवे व्हार्निश व नवे धागे तिला जीवदान देतात. परंतु मूळ व्हार्निश आणि मूळ धागे गेले की ऐतिहासिक नमुना म्हणून तिचे मोल घटते. जितके थोडे करता येईल तितकेच करावे, असा कल अलीकडे वाढला आहे.

मृत्यू व नंतरचा काळ

लेनर्ड यांचे १९०७ मध्ये निधन झाले. त्यानंतर कारखाना मिल्स कुटुंबाच्या मालकीखाली चालू राहिला आणि काठ्यांवर लेनर्ड हेच नाव कोरले जात राहिले. रूबेन लेनर्ड यांनी कामावर देखरेख केली. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापारबंदी केल्यावर टोन्किन बांबूची आवक थांबली. त्याच सुमारास काचतंतूच्या स्वस्त गळकाठ्या बाजारात आल्या. त्यांना व्हार्निशची गरज नव्हती आणि त्या ओल्या ठेवल्या तरी बिघडत नसत. बांबूच्या काठ्या बनवणारे बहुतेक कारखाने या काळात बंद पडले किंवा नव्या मालाकडे वळले. लेनर्ड यांचा कारखाना टिकून राहिला, पण १९६४ मध्ये सेंट्रल व्हॅली येथील इमारतीला आग लागून मोठी हानी झाली. त्यानंतर उत्पादन पुन्हा सुरू करण्यात आले. पुढे मालकी बदलली आणि १९८० च्या दशकात कंपनी बंद झाली. बांबूच्या गळकाठ्या हाताने बनवणारे स्वतंत्र कारागीर अमेरिकेत व युरोपात आजही काम करीत आहेत. लेनर्ड यांच्या जुन्या काठ्यांची मापे घेऊन त्याच निमुळतेपणाच्या नव्या काठ्या ते तयार करतात आणि शंभर वर्षांहून जुन्या मूळ काठ्या दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे येत असतात.